नऊचे तीन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगण्यासारखे प्रसंग आले नाहीत असं नाही. कुणाच्या दुखण्याचा विषय निघाला की ते तोंडाशी यायचं आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. बायको होती तोवर तिला कळू नये म्हणून बोललो नाही. ती गेल्यावर, आता सांगून कुणाला काय उपयोग, म्हणून बोललो नाही. दोन्ही कारणं सोयीची होती. आता मुलगी रोज सकाळी फोन करून विचारते, "बाबा, आज कसं वाटतंय?" मी म्हणतो, "बरं आहे." गुडघे धरलेले असतात, रात्री डोळ्याला डोळा लागलेला नसतो, तरी म्हणतो, बरं आहे. ते शब्द तोंडातून निघाले की मला सासूबाईंचा आवाज ऐकू येतो. म्हणून शेवटी लिहायला बसलो.

सासूबाईंना मी मामी म्हणायचो. त्या देवळाली प्रवऱ्याच्या. सासरे लवकर गेले होते. मुलगा नाही, एकुलती एक मुलगी, तीच माझी बायको. मामींनी जन्मभर दुसऱ्यांच्या उसात खुरपलं आणि मुलीला सातवीपर्यंत शिकवलं. मला त्या 'पाव्हणं' म्हणत. मुलगी देऊन वीस वर्षं झाली, मी त्यांच्या ओट्यावर उघडाबंब बसून जेवलो, तरी मी पाव्हणंच. माझ्यासमोर त्यांच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. मी उभा असताना त्या बसल्या नाहीत आणि मी खुर्चीवर असताना खाटेवर बसल्या नाहीत. जावयाला काही मागायचं नाही, जावयापुढे दुखलंखुपलं बोलायचं नाही, लेकीच्या घरी दोन दिवसांवर तिसरा दिवस राहायचं नाही, हे त्यांचे नियम होते. ते कुणी घालून दिले नव्हते. ते अंगातच असावेत तसे होते.

अशा बाईला जावयाच्या घरी मरायला यावं लागलं.

नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं. आम्ही नगरला सावेडीत नवीन बांधलेल्या घरात राहायला आलो होतो. मामींना अंगावरून जायला लागलं होतं, तेही म्हातारपणी. वर्षभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाशी झालेली गाठ आत पसरली होती. पुण्याला नेऊन लाइट दिली, म्हणजे किरणांचा शेक. तिथल्या डॉक्टरांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या आणि जेवढं सुखात ठेवता येईल तेवढं ठेवा. कॅन्सर हा शब्द आम्ही घरात उच्चारला नाही. 'गाठ' म्हणायचो. मामीही गाठच म्हणत. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही.

नगरमध्ये तेव्हा एक तरुण डॉक्टर होते. भिंगारच्या बाजूला राहायचे, दवाखाना शहरात. असल्या शेवटच्या आजारात दुखणं कसं कमी करायचं, याचं शिक्षण ते मुंबईहून घेऊन आले होते. बाकीचे डॉक्टर 'आता काही उरलं नाही' म्हणून हात झटकत. हे म्हणायचे, "उरलंय की. दुखणं उरलंय. त्याचं बघायचं." मामींना दर आठवड्याला रिक्षात घालून नेणं शक्य नव्हतं. बसलं की कळ यायची. म्हणून त्यांनी मला एक कागद दिला. सायक्लोस्टाईल केलेला, शाईचा वास येणारा. त्यावर एकाखाली एक विचारलेलं होतं: वेदना, मळमळ, थकवा, भूक, झोप, धाप, उदास वाटणं, भीती वाटणं. प्रत्येकापुढे शून्यापासून दहापर्यंत आकडे. शून्य म्हणजे त्रास अजिबात नाही. दहा म्हणजे याहून जास्त त्रास असूच शकत नाही.

"रोज विचारायचं," डॉक्टर म्हणाले, "आणि त्या सांगतील तोच आकडा लिहायचा. तुमचा अंदाज नको. दुखणं ज्याचं त्यालाच कळतं. तोवर या साध्या गोळ्या चालू ठेवा. शनिवारी कागद मला आणून द्या, त्यावरून मी औषध ठरवीन."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्याकडे मॉर्फिनच्या थोड्या गोळ्या आहेत. परवान्यानं येतात, एकेका गोळीचा हिशेब द्यावा लागतो. सगळ्यांना देता येत नाहीत. पण वेदना सातच्या पुढे गेली तर एक दिवसही थांबायचं नाही. मला लगेच सांगायचं."

बायको शेजारीच उभी होती. रिक्षातून येताना ती म्हणाली, "कागद माझ्याकडे द्या. मी विचारत जाईन आईला."

"तुला जमायचं नाही," मी म्हणालो. "पहिल्याच प्रश्नाला रडशील. हे माझ्या रोजच्या कामातलं आहे."

ते खरंच माझ्या कामातलं होतं, आणि सगळं तिथंच बिघडलं.

मी कालव्यांच्या पाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कचेरीत कारकून होतो. कालव्यावर जागोजागी पाण्याची उंची मोजायच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. तिथला माणूस रोज आकडा वाचायचा आणि कळवायचा, मी तो तक्त्यात चढवायचो. कधी माणूस जागेवर नसायचा, कधी आकडा भलताच यायचा. काल दोन फूट, आज पाच, उद्या परत दोन. असा आकडा आला की मी ठरवून टाकायचो, गडी वाचताना चुकला किंवा पट्टीजवळ गेलाच नाही. मग मागचा आणि पुढचा आकडा बघून मधे बसेल असा आकडा मी लिहायचो. असं करायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण त्यामुळे तक्ता सरळ दिसायचा, वरिष्ठ विचारपूस करत नसत, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून नाव होतं. सेवा संपेपर्यंत त्याचं कुणी काही म्हटलं नाही.

मामींना मी रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी विचारायचो. त्या पुढच्या खोलीत खिडकीशी खाटेवर असत. मी दारात दिसलो की त्या उठून बसायच्या. हाताचा रेटा देऊन, दात आवळून बसायच्या आणि आधी पदर डोक्यावर घ्यायच्या. मी म्हणायचो, "मामी, पडून राहा." त्या म्हणायच्या, "आसूं द्या, आसूं द्या." माझा विचारण्याचा कार्यक्रम संपेपर्यंत त्या तशाच बसून राहायच्या. मीही खुर्ची घेऊन कधी जवळ बसलो नाही. दारात उभा राहून, कागद पुठ्ठ्यावर धरून विचारायचो.

पहिल्या दिवशी मी त्यांना समजावलं, "मामी, ही दहा पायऱ्यांची शिडी आहे असं समजा. दुखणं कितव्या पायरीवर आहे?"

"आता या वयात शिडीवर चढवता व्हय मला?"

"तुम्ही नाही, दुखणं."

"दुखनं खालीच हाय. बसलंय गप."

"म्हणजे शून्य?"

"तुमी शिकलेले. काय लिव्हायचं ते लिव्हा."

"झोप लागते का?"

"लागती की. म्हातारीला झोप किती लागती?"

"भीती वाटते का कशाची?"

त्यावर त्या पदराआड हसल्या. "कुनाची भीती? तुमची का काय?" मग आत स्वयंपाकघराकडे तोंड करून मुलीला म्हणाल्या, "आगं, तुजा नवरा सकाळी सकाळी मास्तर झालाय बघ. परीक्षा घेतोय."

"नापास करू नका हो आईला," बायको आतून म्हणाली.

आम्ही तिघंही हसलो. मी वेदनेपुढे दोन लिहिलं. शून्य लिहिणं बरं दिसेना, म्हणून दोन. हा पहिला अंदाज.

मला दुखणं माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड सकाळी पाणी यायचं आणि टाकीत चढवायला मोटर लावावी लागायची. मोटरचा आवाज पुढच्या खोलीपर्यंत घुमायचा. एरवी कधी काही न मागणाऱ्या मामी पाण्याच्या दिवशी उठल्या उठल्या विचारायच्या, "पानी आलं का? मोटर लावा की." मला वाटायचं, म्हातारीला पाण्याची काळजी. एकदा मोटर चालू असताना वीज गेली. आवाज एकदम बंद पडला, आणि त्या खोलीतून कण्हण्याचा आवाज तेवढा क्षणभर उरला. मग तोही बंद झाला. मी अंगणात बादली घेऊन उभा होतो. आत गेलो तर त्या उठून बसलेल्या, पदर डोक्यावर.

"मामी, दुखतंय का?"

"न्हाई पाव्हणं. बरं हाय."

त्या दिवशी मी तीन लिहिलं.

शनिवारी कागद घेऊन गेलो की डॉक्टर खूष व्हायचे. इतरांचे कागद चुरगळलेले, डाळीचे डाग पडलेले, आठवड्यातले चार दिवस कोरे. माझा कागद नीट घडी घातलेला, एकही रकाना मोकळा नाही. पुढे तर मी आलेखाचा कागद आणून त्यावर वेदनेची रेघ काढून नेऊ लागलो. दोन, तीन, दोन, तीन, तीन. त्यांनी तो आलेख बाहेर बसलेल्या नातेवाइकांना दाखवला. "बघा, असं भरून आणा," म्हणाले. बाकावर एका पोराचा बाप बसला होता, त्यानं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. घरी येताना मी स्कूटर जरा ताठ बसून चालवली असेन. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे. माझ्या घरात माणूस सडत होतं आणि मी शाबासकी घेऊन येत होतो.

मग कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं आणि कचेरीनं मला राहुरीकडे नोंदींच्या तपासणीला पाठवलं. जाताना कागद बायकोकडे दिला. म्हणालो, "नुसतं विचारून आकडा टाकून ठेव. आल्यावर बघतो."

शुक्रवारी संध्याकाळी परत आलो. बायकोनं मला चहा दिला आणि कागद पुढे ठेवला. वेदना नऊ. झोपेचा त्रास दहा. भीती आठ. तिच्या गोल, सावकाश अक्षरात, पेन्सिलीनं.

"हे काय?" मी विचारलं.

"आईनं सांगितलं ते."

"नऊ? परवापर्यंत तीन होतं."

"तुम्हाला सांगत होती ती तीन." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी खाटेवर तिच्याजवळ निजले. दिवा मालवला, पाठीवर हात फिरवला. मग विचारलं. पहिल्यांदा बरं हाय, बरं हाय केलं. मग म्हणाली, खरं सांगू का, आतून कुणी ओली लुगडी पिळावी तसं पिळतंय. म्हणाली, पाव्हण्यांना सांगू नको. मी म्हटलं, डॉक्टरला तरी सांगू दे. तर म्हणाली, सांग. त्याच्याजवळ काही असलं तर देऊ दे म्हणावं."

तिचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत मी मनात ठरवून टाकलं होतं. ही रडत रडत विचारत असणार, म्हातारी घाबरली असणार, आणि घाबरून आकडा फुगला असणार. तीनचे एकाएकी नऊ होत नाहीत. हा विचार मी एका बाईच्या दुखण्याबद्दल करत नव्हतो, कालव्यावरच्या पट्टीबद्दल करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती आंघोळीला गेली तेव्हा, मी कागद स्वच्छ उतरवून काढला. नऊचे तीन केले. मग वाटलं, अगदीच तीन नको, म्हणून शेवटच्या दिवशी चार. दहा होती ती झोप चारावर आणली. भीतीपुढे एक. आलेखावर रेघ पुढे ओढली, शेवटाला जराशी वर जाणारी. बायकोचा पेन्सिलीचा कागद फाडून खिशात टाकला आणि दवाखान्याजवळच्या गटारात सोडला.

कागद बघून डॉक्टर म्हणाले, "थोडं वाढलंय, पण चालेल. त्याच गोळ्या चालू ठेवा. पुढच्या शनिवारी बघू."

घरी आलो तर बायको फाटकाशीच उभी. "काय म्हणाले?"

"त्याच गोळ्या."

"नऊ बघून त्याच गोळ्या?"

तेव्हा सांगता आलं असतं. डॉक्टरांच्या घरी स्कूटरनं पंधरा मिनिटांत पोचलो असतो. मी म्हणालो, "त्यांना वाटलं तेच दिलं असणार ना. आपण काय डॉक्टर आहोत?"

ती आत गेली. मी अंगणातच स्कूटर पुसत राहिलो, पण पुढच्या खोलीची खिडकी उघडी होती.

"आई, डॉक्टरला सांगितलं. याच्यावर काही औषध नाही म्हणतात."

खाट करकरली. मग मामी म्हणाल्या, "नसंल. नसंल तर आता इचारू नको मला. उगा तोंड वाजवायचं."

त्यानंतर त्यांनी मुलीलाही बरं हाय म्हणायला सुरुवात केली. एकदाच त्या खरं बोलल्या होत्या, आणि त्याचा उपयोग होत नाही हे त्यांना कळलं होतं. त्यांच्या हिशेबी ते बरोबरच होतं. मी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दारात उभा राहून विचारू लागलो. त्या उठून बसू लागल्या. फक्त आता बसायला वेळ लागायचा, आणि मी थांबायचो.

दोन शनिवार असे गेले. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर न कळवता घरी आले. सावेडीत दुसऱ्या एका पेशंटकडे आले होते, म्हणाले, चला, आजींना बघून जाऊ. मी त्यांना पुढच्या खोलीत घेऊन गेलो. डॉक्टर आत आले, त्यांच्या मागे मी, आणि मामी उठल्या नाहीत. भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी. पदर उशीवर पडलेला. विरळ झालेले पांढरे केस मी वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिले. मी नजर खाली घातली.

डॉक्टर खाटेच्या कडेला बसले. काही विचारलं नाही. नुसता हात धरून त्यांच्या श्वासाकडे बघत राहिले. मग बायकोला म्हणाले, "पाणी गरम करा आणि मऊ भात लावा, गोळी रिकाम्या पोटी नको." मला म्हणाले, "माझ्याबरोबर चला, गोळ्या घेऊन या."

फाटकाबाहेर स्कूटरला किक मारायच्या आधी ते थांबले. "हे आजचं नाही. कागदावर चार कसं?"

"त्याच तसं सांगायच्या."

"तुम्हाला सांगणार नाहीत त्या. ते माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं." ते स्वतःवरच चिडलेले दिसले. "पण घरात मुलगी आहे ना? मुलीनं कधी विचारलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

तो नुसता एक शब्द नव्हता. त्यात माझ्या बायकोला मी डॉक्टरांपुढे निष्काळजी मुलगी ठरवून टाकलं. त्यांनी किक मारली.

संध्याकाळपर्यंत दोन वेळा मॉर्फिन पोटात गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी झोपलेल्या होत्या. मोटर लावली तरी झोपलेल्या. बायको दाराशी बसून नुसती त्यांच्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, "हेच औषध त्या शनिवारी का नाही दिलं त्यांनी?"

मी म्हणालो, "तेव्हा त्यांच्याकडे नव्हतं. आता आलंय."

तिनं उठून आईचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "म्हणजे एवढे दिवस नुसतं बघत बसला तो माणूस."

मामी त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. पण जेवढे राहिल्या तेवढे दिवस त्या माणसासारख्या राहिल्या. भात मागितला. नातीची वेणी घातली, वाकडी घातली. देवळालीच्या कुणाकुणाच्या आठवणी काढल्या. गेल्या तेही सकाळी, झोपेत, बायकोचा हात हातात असताना.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गावाकडची माणसं आली. आमच्या घराच्या अंगणात मांडव घातला होता, बुद्धवंदना झाली, चार माणसं बोलली. सगळं आटपत आलं तेव्हा डॉक्टर आले. मागच्या ओळीत बसले, उठून तसबिरीपुढे फूल वाहिलं, मग बायकोसमोर येऊन हात जोडले.

इथं एक सांगायला हवं. मामींच्या लहानपणी, त्यांच्या माहेरच्या गावात, त्यांना विहिरीला हात लावू देत नसत. वरून कुणी ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचं, नाही ओतलं तर तहानलेलं परतायचं. त्यामुळे त्यांनी मुलीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली होती. दारात आलेला मानूस, मग तो कुनी का आसंना, पान्याबिगर माघारी जाऊ द्यायचा न्हाई. आमच्या घरात वीज मंडळाचा माणूस मीटर वाचायला आला तरी त्याला तांब्या-भांडं यायचं. भांडण करायला आलेला शेजारीही पाणी पिऊन गेला होता.

डॉक्टर उभे राहिले. बायको उभी राहिली. बाजूच्या बाईनं पाण्याचा ट्रे पुढे केला तर बायकोनं हातानं तो अडवला. म्हणाली, "त्यांना घाई असते. जाऊ द्या त्यांना."

डॉक्टरांना कळलं. दुपारची वेळ, ऊन रणरणत होतं, ते स्कूटरवरून आले होते. त्यांनी पुन्हा हात जोडले आणि निघाले. मी फाटकापर्यंत त्यांच्यामागे गेलो. वाटलं, इथं सांगावं. निदान एक तांब्या आणावा. ते म्हणाले, "त्यांचा राग बरोबर आहे. मला उशीर झाला." मी हो म्हणून मान हलवली. मी मान हलवली, हे मला अजून झोपू देत नाही.

काही वर्षांनी ते डॉक्टर नगर सोडून गेले. कुठे गेले ते मला माहीत नाही. बायको शेवटपर्यंत त्यांचा विषय निघाला की म्हणायची, "त्या माणसानं माझ्या आईला तीन आठवडे तळमळत ठेवलं." मुलीलाही तिनं हेच सांगितलं. आमच्या घराचा तो इतिहास झाला. मी त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचो.

बायको दुसऱ्या आजारानं गेली, तिला फार त्रास झाला नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यातल्या नर्सनं तसाच एक कागद आणला होता, आता छापील, रंगीत, चेहऱ्यांची चित्रं असलेला. नर्सनं तो माझ्या हातात दिला. मी तो मुलीकडे दिला आणि बाहेर जाऊन बसलो. मुलीनं नंतर विचारलं, "बाबा, तुमचं अक्षर एवढं चांगलं, तुम्ही का नाही भरला?" मी म्हणालो, चष्मा विसरलोय.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. सांगायला सगळ्यात जड तीच.

मॉर्फिन सुरू झाल्यानंतरची एक दुपार. बायको दळण आणायला गेली होती, मुलगी शाळेत. घरात मामी आणि मी. रजा टाकून मी घरी होतो. पुढच्या खोलीतून हाक आली, "पाव्हणं." त्यांनी मला स्वतःहून हाक मारावी असं कधी घडलं नव्हतं. मी दारात जाऊन उभा राहिलो. त्या पडूनच होत्या. पदर चाचपून कसाबसा डोक्यावर घेतला, पण उठल्या नाहीत.

"बसा की खुर्चीवर," म्हणाल्या.

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो, पहिल्यांदाच. चेहरा सुकला होता, पण कपाळावरची आठी गेली होती. खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या पायावर पडलं होतं.

"आज कागूद न्हाई का आनला?"

"नाही मामी."

"बरं केलं." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आता इचाराल तर खरं सांगीन. आता दुखत न्हाई. खरंच न्हाई."

मी सांगणार होतो. शब्द जुळवून तयार होते, दोन दिवस मी तेच जुळवत होतो. मामी, तुम्ही नऊ सांगितलं होतं. मी तीन लिहिलं. डॉक्टरांकडे औषध तेव्हाही होतं. मी तोंड उघडलं.

त्याआधी त्यांनी दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढले आणि छातीवरच कसेबसे जोडले. जावयापुढे सासूनं जोडावेत तसे.

"पाव्हणं, लेकीच्या घरी येऊन पडले. तुमाला लई तरास दिला. रोज उठून इचारायचं, लिव्हायचं, शनिवारी पळायचं. पोटच्या पोरानं केलं नसतं. काय चुकलं आसंल तर माफी करा."

मी म्हणालो, "असं काय बोलता मामी?"

आणि उठलो. "पाणी आणतो तुम्हाला," म्हणालो, आणि स्वयंपाकघरात गेलो. माठातून तांब्या भरला. तिथंच माठापाशी, भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात म्हणून पाहिलं: "मामी, मला माफ करा. नऊचे तीन मी केले." नीट म्हणता आलं. पुन्हा एकदा म्हटलं. मग तांब्या घेऊन पुढच्या खोलीत गेलो तर त्यांचा डोळा लागला होता, हात तसेच जोडलेले. मी तांब्या खाटेखाली ठेवला आणि दार लोटून बाहेर आलो.